चंद्रभानच्या गालाची सूज

चि. रुद्राणी,

वालूरहून चन्नप्पा काकाचा पोटभर आशीर्वाद. महादेव तुला सुखी ठेवो, आणि पुण्याच्या तुझ्या मेसवाल्याला भाकरी थापायची अक्कल देवो. (फोनवर तू "काका, थोडक्यात सांगा" म्हणतीस, म्हणून कागद घेतला. तो मधी बोलत न्हाई.)

मागल्या खेपी तू तुझं संशोधन समजावलंस, ते मला लय पटलं. इतकं, की दुकानात मी ते गिऱ्हाइकांना सांगायला लागलो. म्हटलं, पेशीतल्या धाग्याच्या टोकाला, बैलाच्या दाव्याला असती तशी गाठ असती. एका पेशीच्या दोन झाल्या की गाठ झिजती; पार झिजली की पेशी वाढायची थांबती. पण रक्ताच्या कॅन्सरची पेशी लय बेरकी. ती टेलोमरेज नावाचा कारागीर पदरी ठेवती, अन् तो गाठ पुन्हा बांधत ऱ्हातो. आमची रुद्राणी त्या कारागिराचेच हात बांधायलीय. मग पेशी घाबरती, बोंब मारती, सूज आणणारे निरोप धाडती. (इथवर बरोबर ना?)

ऐकणाऱ्यांत आपला चंद्रभान होता. (तोच, ज्यानं तुला ल्हानपणी बैलगाडीतून पाडलं.) त्यानं बाकी सगळं सोडून 'सूज' तेवढी ध्यानात ठेवली. दुसऱ्याच दिवशी शेतात त्याच्या गालाला गांधीलमाशी डसली. गाल टम्म फुगला, डोळा मिटला, तरी गडी दवाखान्यात जाईना. उलट गावभर मिरवायलाय, "आतला कॅन्सर बोंब मारत मरायलाय, ही सूज उतरवायची न्हाई!" शेवटी त्याची बायको कस्तुराबाई दुकानात येऊन कडाडली, "तुमच्या पुतणीच्या विद्येपायी माझा माणूस एका डोळ्यानं हिंडायलाय. आता तुमीच न्या त्याला." नेला सेलूला. डॉक्टर सुई टोचता टोचता हसले. म्हणले, प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशीची सूज निराळी, ही माशीची. चंद्रभान लय हिरमुसला. "म्हंजी एवढं फुकटच सोसलं की, शेठ!"

तुझा,
चन्नप्पा काका

ता. क. : आलोच हाय तर म्हणून त्याच डॉक्टरांना माझं बी रक्त दाखवलं. (हल्ली दम लागायलाय.) पांढऱ्या पेशी लय वाढल्यात. संभाजीनगरला कमरेच्या हाडातला मगज काढून तपासायचा म्हणतेत. शांतम्मा काकू सोबत हाय, पण डॉक्टरपुढं आमी दोघंबी नुसत्या माना हलवतो. सोमवारी ती तपासणी हाय, तू येशील का? डॉक्टरला काय विचारायचं ते तुला कळतंय.

आणखी एक : रुद्राणी, हे मी, काकू, लिहायलेय. मगज काढायची सुई अजून संभाजीनगरात हाय, अन् हे इथंच कण्हायलेत. ह्यांना धीर मी देते. मला द्यायला तू ये.