गुरांच्या उंचीवरून

आई, तुला वाकून नमस्कार.

मी धडधाकट आहे, जेवणही वेळेवर होतं. लस टोचायला गुरं एकेक करून नेण्यासाठी फळ्यांची वळणाची वाट आम्ही बांधून पुरी केली. उद्या पहिला कळप येईल. तो बुजून उधळला, तर वाटेच्या टोकाचं दार धरणारा माणूस चिरडला जातो. म्हणून आज मी गुरासारखा रांगत सगळ्या वाटेतून गेलो. मुकादम हसले, "शेपूट लावू का रे तुला?" पण वळणावर लोंबती साखळी चमकली आणि मीच दचकलो. ती काढून टाकली. तरी जीव थाऱ्यावर नाही, पुन्हा एकदा बघून येतो.

आपली तांबडी अजून गोठ्याच्या दारात अडते का? बाबांना म्हणावं, मारू नका, आधी तिच्याइतकं वाकून बघा.

उद्या दार कोण धरणार, ते मात्र विचारू नकोस.

तुझाच,
धाकटा