फ्रिजच्या डबीतले तीन दिवस

म्वालेनी,
१४ जून

प्रिय टिवोंगेताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. मका यंदा चांगला झालाय, आईचा गुडघा कुरकुरतोच आहे, माझ्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या रेडिओंचा ढीग पडलाय. लुसाकातली थंडी सोसते ना? तू दर पत्रात विचारतेस, "खुंबो, काय लपवतोस?" आणि मी दरवेळी मक्याचंच लिहितो.

दवाखान्यातला तुझा लसीचा फ्रिज आता बदलला. त्याबरोबरची तापमान नोंदवणारी पांढरी डबी माझ्याकडे आली. तिचा पडदा तू असतानाच फुटला होता. नवा नर्स म्हणाला, "मेलीय ती, सुटे भाग काढून घे." पण आतली नोंदी जपणारी चिप शाबूत होती. तिच्यात लाखो बारीक कप्पे असतात. विजेचा कण एकदा आत कोंडला, की पुढे वीज असो वा नसो, वर्षानुवर्षं तो तिथेच बसून राहतो. मी तारा जोडून सगळं वाचून काढलं.

ताई, गाव म्हणतं तशी तू लस उन्हात ठेवली नव्हतीस. महिनोन्‌महिने थंडावा हवा तेवढाच आहे. तीनच दिवस फ्रिज तापलाय. ते दिवस बाबांच्या मयताचे आहेत, आणि तेव्हा तू त्यांच्या उशाशी बसून होतीस.

या चिपची एक खोड आहे. लिहिलेल्यातलं हवं तेवढंच पुसून पुन्हा कोरं करता येत नाही, अख्खं पान पुसावं लागतं. बाकीचं बाजूला उतरवून, ते तीन दिवस बदलून, सगळं परत लिहिता आलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. मी तयारीही केली होती. पण मग तुझ्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार मीच खोटा केला असता.

का पुसायचं होतं, ते आता सांगतोच. मयताला अंगणात दिवा होता, आठवतो? अख्खं गाव त्या उजेडात गायलं, रडलं, जेवलं. त्या दिव्याची बॅटरी फ्रिजची होती. आईनं मागितली, गावप्रमुखांनी मान डोलावली, बाप्यांनी खांद्यावरून आणली. मयताला मागितलेलं आपल्याकडे कोण नाकारतं? पुढे गोवर आला, तू लस टोचलेली असूनही सुझगो आणि इतर लेकरं गेली, तेव्हा त्याच लोकांनी तुझ्या दारावर दगड मारले.

मी आईला सांगितलं. ती शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला.

"अंधारात कसं निजवणार होते तुझ्या बाबांना?" ती म्हणाली. मग शेंगांचं सूप बाजूला सारून, "टिवोंगेला माहीत होतं?"

"नाही."

"म्हणजे माझ्या वाट्याचे दगड पोरीनं खाल्ले."

"आई, अजून पुसता येईल. कोणाला कळणार नाही."

"मला कळलं ना, मेल्या! हात लावू नकोस त्याला."

रविवारी प्रार्थना झाल्यावर ती उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. प्रमुख जमिनीकडे बघत बसले. तुझं नाव आता स्वच्छ आहे, ताई. दगड मारणाऱ्यांतले दोघे येऊन तुझा पत्ता मागून गेले. मी दिला नाही, तुला विचारूनच देईन. आईशी मात्र विहिरीवर कोणी बोलत नाही.

काल ती सुझगोच्या थडग्यावर गेली. तिथे सुझगोची आई बसलेली होती. तिनं आईला हाकलून दिलं, मूठभर माती फेकली अंगावर. आई तशीच घरी आली, अंगावरचं कापडही झटकलं नाही.

ती म्हणते, "टिवोंगेला ये म्हणून लिहू नकोस, तिनं पुष्कळ सोसलंय." म्हणून लिहीत नाही. पण आज ती पुन्हा तिकडेच निघाली आहे, गुडघा दुखत असताना, आणि मला बरोबर येऊ देत नाही.

तिच्या मागून थोड्या अंतरानं चालणारा,
तुझा खुंबो