एकवीस मजल्यांची सावली

डोंबिवली, १७ मे २०२५

चि. क्षिप्रास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू माझं म्हणणं हसण्यावारी नेतेस, म्हणून पत्र. काल शून्य सावलीचा दिवस. दरवर्षीप्रमाणे बारा पस्तीसला गच्चीत लाटणं उभं करून पाहिलं. सावली पायाशी गडप. खाली आले तर आमचे सेक्रेटरी परशुराम पुनर्विकासाचं माहितीपत्रक घेऊन दारात. तुमच्याच ऑफिसनं केलंय म्हणे. संमतीपत्रावर सह्या रविवारी, १ जूनच्या सभेत. एकदा सही दिली की चाळीस वर्षांचं घर रिकामं करायचं, म्हणून मी पत्रकातलं चित्र भिंगाखाली घेतलं.

चौदा मजली नवी इमारत, दक्षिणेला मोकळी बाग. इमारतीची सावली पश्चिमेला, म्हणजे सकाळ. ठीक. पण रिकाम्या बागेतूनही तशीच एक सावली निघते, दीडपट लांब. म्हणजे तिथे एकवीस मजल्यांचं काहीतरी उभं आहे आणि ते मला दिसत नाही. काय आहे ते उलटटपाली कळव. वेळेवर जेवत जा.

तुझी,
मंजुळाआत्या

ठाणे, २१ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्यानं लाटण्यानं सूर्य तपासला हे ऑफिसात प्रीतमला सांगितलं, तर तो म्हणाला, त्यांना इस्रोत पाठव. अगं, ढगाची सावली असेल! चित्रं घाईत होतात. माझी नोकरी पक्की व्हायला अजून महिना आहे आणि सर कामाचा नुसता मारा करतात. तू उगाच शंका काढत बसू नकोस, सही करून टाक. नव्या इमारतीत लिफ्ट असेल, तुझे गुडघे दुवा देतील.

लोभ राहू दे, संशय जरा कमी कर.

तुझी,
क्षिप्रा

डोंबिवली, २४ मे

चि. क्षिप्रास आशीर्वाद.

ढगाला काटकोन नसतात. या सावलीच्या टोकाला पाण्याच्या टाकीचा चौकोन आहे आणि टाकीला शिडी आहे. शेजारच्या सगुणाला भिंग दिलं, तीही म्हणाली की बाई, ही टाकीच.

मला त्याहून जास्त खटकलं ते तुझं 'सही करून टाक'. साधी साडी घेतानाही तू मला दहा दुकानं फिरवतेस. आणि चित्र कुणी केलं, ते तू लिहिलंच नाहीस. तू केलंस का? हो की नाही, एवढंच लिही.

मंजुळाआत्या

ठाणे, २७ मे

ती. आत्यास सा. न.

हो.

मूळ चित्रात बागेच्या जागी दुसरा टॉवर होता, बिल्डरच्या विक्रीचा. सर म्हणाले, रहिवाशांच्या पत्रकात तो नको, पुसून बाग टाक. मी पुसला. कॉम्प्युटरवर सावली चित्राच्या वेगळ्या थरावर, लेयरवर होती, ती चुकून राहिली. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आत्या, हे माझ्याकडून बाहेर पडलं असं कळलं तर माझी नोकरी गेलीच. तू सही करू नकोस, पण सभेत गप्प राहा. बाकीच्यांचं बाकीचे बघतील. हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय. रागावलीस तरी पत्र टाक.

क्षिप्रा

डोंबिवली, २९ मे

चि. क्षिप्रास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि गॅसवर जाळलं. गप्प राहणं मला जमणार नाही. या इमारतीत बेचाळीस घरं आहेत. पण तुझं नाव निघणार नाही. मी पत्रक आणि भिंग टेबलावर ठेवणार आणि परशुरामांना एकच विचारणार, की ही टाकी कुणाच्या गच्चीवरची. ज्याला डोळे आहेत त्याला ती दिसते, तुझ्या साक्षीची गरज नाही.

आता माझा संशय. काल चित्र पुन्हा पाहिलं. टॉवर तू इतका सफाईनं पुसलास की मागच्या झाडांचं पानही तुटलेलं नाही. बागेत घसरगुंडी घातलीस, बाक घातलेस. त्या एवढ्याशा बाकांच्या सावल्याही बरोबर पश्चिमेला टाकल्यास. आणि एकवीस मजल्यांची तेवढी चुकून राहिली? तीसुद्धा मी भिंग घेऊन बसणार हे पक्कं ठाऊक असलेल्या मुलीकडून?

मला काही हे पटलेलं नाही. उत्तर देऊ नकोस.

लोभ आहेच, आज जरा जास्तच आहे.

तुझी,
मंजुळाआत्या