भोंगा उशिरा वाजला त्या दिवसाची खरी हकीकत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी तुमच्या जावयाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? आम्ही दोघं मजेत आहोत. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (राग नाही, अनुभव सांगितला), म्हणून पत्र लिहायला घेतलं. कारण आनंदाचं आहे. मामा, तुमच्या जावयाने नाव काढलं! मुकादमाने माझी नोकरी जाणार अशी आवई उठवली आहे. तो तुम्हालाही कळवेल, पण त्याचं निम्मं सोडून द्या आणि उरलेलं ऐकूच नका.

या बुटांच्या कारखान्याचा भोंगा तुम्ही तीस वर्षं वाजवलात आणि एक दिवस चुकला नाहीत. अख्खी वसाहत तुमच्या भोंग्यावर उठली, अंघोळीला गेली, कामाला लागली. निवृत्त होताना भोंग्याची साखळी माझ्या हाती दिलीत. (मुलगी देताना तुमचे डोळे कोरडे होते, साखळी देताना मात्र भरून आले. असो.) "जावईबापू, भोंगेवाल्याने झोपायचं नसतं, नुसतं पडायचं असतं," हा तुमचा मंत्र मी आजवर पाळला. पण मध्यंतरी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंचं भाषण झालं. मोठ्या माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, आणि ती पुरी झाली की माणूस ताजातवाना उठतो, असं त्या म्हणाल्या. ताजातवाना हा शब्द मी तोवर फक्त भाजीबद्दल ऐकला होता. भाषण सुरू होताच बाकीचे भिंतीला टेकून घोरायला लागले, त्यामुळे ही विद्या एकट्या माझ्याच पदरात पडली.

मग मी दिवेलागणीलाच अंथरूण धरू लागलो. पण शेजारचा टीव्ही, वरच्या मजल्यावरचे पाढे, आणि दिवा मालवला की तुमच्या लेकीला आठवणाऱ्या दिवसभराच्या गोष्टी (हा गुण तिने कोणाकडून घेतला ते मी बोलत नाही), यांत सात तास काही जमेनात. मंगळवारी मात्र जमले. रोज पहाटे तुमची लेक मला ढोसून उठवते, कारण गजराच्या घड्याळावर विसंबू नये ही तुमचीच शिकवण. त्या दिवशी तिचाही नेमका डोळा लागला. मी जागा झालो तो आपोआप. मामा, काय सांगू! अंग कापसासारखं हलकं, डोळ्यांत चुरचुर नाही, आणि पायांवर ऊन. आरशात बघितलं तर ओळखीचा पण बराच देखणा माणूस. सावकाश दाढी केली, शीळही घातली. मग ध्यानात आलं की पायांवर ऊन आहे, म्हणजे भोंगा वाजायला हवा होता, आणि तो वाजवायचा मीच!

धावत सुटलो. सगळी दारं बंद, दुधाच्या पिशव्या उंबऱ्यावर तशाच, साहेबांच्या बंगल्याचे पडदे ओढलेले. बॉयलरवाला पोत्यांवर आडवा. साखळी हातात घेतली आणि मागे वळून बघितलं. सगळी वसाहत माझ्या भरवशावर झोपली होती. हात पुढे सरेना. खरं सांगतो, मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो आणि मग ओढली. पण अगदी हलक्या हाताने.

त्या दिवसाची मौज काय वर्णावी! नळावर रोज भांडणाऱ्या दोघी जावा "आधी तू भर, आधी तू भर" म्हणत ताटकळल्या. मुकादम गुणगुणत आला. साहेब "काय सुरेख सकाळ आहे" असं म्हणाले, आणि घड्याळाकडे बघून मग लाल झाले. काम उशिरा सुरू होऊनही सगळा माल संध्याकाळपर्यंत बाहेर पडला आणि एकाही खोक्यात दोन डाव्या पायांचे बूट निघाले नाहीत! तुमच्या तीस वर्षांत असं कधी झालं होतं का? (सहज विचारलं.) तेव्हा जावयाचा अभिमान धरा, ही विनंती.

तुमचा,
ताजातवाना जावई

ता. क. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा भोंग्याच्या वाफेची झडप अडकली होती असं तोंडातून गेलं. ते म्हणाले, "तुझ्या सासऱ्याच्या काळात कशी कधी अडकली नाही? त्यांनाच विचारतो." त्यांचं समाधान झालं नाही तर साखळीही जाईल आणि राहती खोलीही. तेव्हा मामा, फोन आला तर तुमच्या वेळीही एकदा अडकली होती, एवढं म्हणाल का? तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तर ते खरं मानतील.

बाबा, पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली या चार ओळी. माझा डोळाबिळा काही लागला नव्हता. ह्यांना ढोसायला हात उचलला होता, पण लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्या कपाळावर आठी दिसली नाही, म्हणून खाली घेतला. झडपेचं खोटं तुम्ही बोलू नका, साहेबांना खुशाल माझं नाव सांगा. मी त्या दिवशी माझा नवरा पोटभर झोपलेला पाहिला, बाबा. आईला ते कधी बघायला मिळालं नाही.