गूढ गुलाब, एक्केचाळीस वेळा

मंगळवार, ९ ऑक्टोबर २००७

बोलावणं आलं नाही.

शेजारच्या आनास्तासियोला सकाळी दहाला पुरलं. नऊ दिवसांची जपमाळ आजपासून, साडेपाचला. मी चारलाच काळा पोशाख इस्त्री करून, डोक्यावर जाळीचा रुमाल घेऊन ओसरीत बसले. या गल्लीत जो कोणी गेला त्याची जपमाळ चव्वेचाळीस वर्षं मीच सांगत आलेय. शाळेत शिकवत होते तेव्हाही आणि निवृत्त झाल्यावरही. वाटलं, गडबडीत निरोप द्यायचा राहिला असेल, आता कोणी येईल. मग कुंपणापलीकडून एका बाईचा आवाज आला. गावातल्या कोणाचाच नाही. मागे पियानो.

सीडी! लिब्रादाच्या सुनेने, त्या मिर्ताने, असुन्सिओनहून आणलेली. आता मयताच्या घरी सीडी जपमाळ सांगणार आणि माणसं बसून तिला उत्तरं देणार.

पोशाख पुन्हा टांगून ठेवला. जेवले नाही.

बुधवार, १०

तरी गेले. न बोलावता. शेजार काही त्या सुनेच्या मालकीचा नाही.

लिब्रादा माझ्याकडे बघत नाही. कॉन्व्हेंटात आम्ही दोघी एका बाकावर होतो. नवरा गेलाय तिचा, पण मान माझ्यासमोर खाली. का, ते तिलाच ठाऊक. मिर्ता मात्र लगबगीने पुढे आली. “न्या ओब्दुलिया, तुम्ही आता नुसतं बसायचं. घशाला त्रास नको.” मोठ्या मानाने ‘न्या’ लावते, म्हणजे पुढे वाट्टेल ते बोलायला मोकळी.

माझ्या घशाला काय झालंय? फेब्रुवारीत गल्लीतला सिंदुल्फो गेला, त्याचे नऊ दिवस मीच केले. शेवटच्या दिवशी लोक जागचे हलत नव्हते.

सीडीतली ती राजधानीची बाई तर इतकी घाईत, जणू तिची बस सुटतेय. ‘तुझा सेवक’ म्हणते आणि गप्प. कोण मेलंय ते तिला काय माहीत! मग मिर्ता बटण दाबून ती थांबवते, स्वतः ‘आनास्तासियो’ म्हणते आणि पुन्हा बटण दाबते. अर्जातली रिकामी जागा भरावी तसं.

आणि ती सीडी ठेवते कुठे? मयतासाठी घरात मांडलेल्या वेदीच्या पायरीवर, चकाकती बाजू खाली, चिपाच्या पावाचा चुरा सांडलेल्या कापडावर. मी पाहिलं. बोलले नाही.

गुरुवार, ११

जपमाळेच्या पाच भागांतल्या दुसऱ्या रहस्यात सीडी एकदा अडखळली. एकदाच.

आज झोप छान लागेल.

शुक्रवार, १२

आजचं सविस्तर लिहायलाच हवं.

पाचही रहस्यं कशीबशी पार पडली. मग लितानी, मरियेची नावं एकामागून एक. सिस्टर गुमेर्सिंदाने छडी हातात धरून ती आमच्याकडून लॅटिनमध्ये पाठ करून घेतली होती. एक नाव चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. तर सीडीतली बाई म्हणाली, “गूढ गुलाब.” लोक म्हणाले, “आमच्यासाठी विनंती कर.” यानंतर ‘दाविदाचा बुरूज’ यायला हवा. बाई म्हणाली, “गूढ गुलाब.” लोक म्हणाले, “आमच्यासाठी विनंती कर.” पुन्हा गूढ गुलाब. पुन्हा विनंती.

मी मोजत होते. एक्केचाळीस वेळा!

मिर्ता स्वयंपाकघरात कोसिदोचा चहा उकळत होती, तिला पत्ता नाही. खोलीत तीस माणसं. कोणी मान वर केली नाही. म्हातारा तोरिबियो गुडघ्यावर टोपी ठेवून दर वेळी त्याच सुरात विनंती करत होता. एकानेही उठून बटण दाबलं नाही. इतका धीर यांच्यात कुठून आला कोण जाणे. शेवटी मिर्ता पळत आली आणि वायरच उपटली.

घरी येऊन उशीत तोंड खुपसून हसले. देव मला क्षमा करो. घाई नाही, सवडीने केली तरी चालेल.

शनिवार, १३

मिर्ताचे इलाज. कुंपणाच्या फटीतून सगळं दिसतं.

आधी साबणाचं पाणी. मग केळ्याच्या सालीची आतली बाजू. मग टूथपेस्ट, बोटावर घेऊन गोल, गोल, गोल. तिचा नवरा रिगो शेजारी उभा राहून अक्कल पाजळतोय. “जोरात घास, चरा निघायला हवा.” ती म्हणते, “मग तूच घास ना, बाप तुझा गेलाय.”

गोल घासायचं नसतं. मऊ फडकं घ्यायचं आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं. शाळेतल्या गाण्यांच्या सगळ्या सीडी मीच पुसायचे. कुंपणाशी जाऊन दोन शब्द बोलले असते तर काम झालं असतं.

नाही गेले.

संध्याकाळी पहिल्या रहस्यातच खरखर. गूढ गुलाब आहे तिथेच आहे.

रविवार, १४

चर्चमध्ये मिसेनंतर पाद्री विल्फ्रिदोंना गाठलं. म्हटलं, मयताच्या घरी यंत्र प्रार्थना करतंय आणि तुम्ही गप्प? म्हणाले, “मुली, सांगणारा कोणी का असेना, देव ऐकतो उत्तर देणाऱ्यांचं.”

‘मुली’ म्हणाले मला. वय चौतीस त्यांचं.

सोमवार, १५

रिगो पाराग्वारीच्या बाजारात जाऊन नवी सीडी करून घेऊन आला. कोरी करकरीत, वर निळ्या शाईने ‘जपमाळ’ लिहिलेलं. मिर्ताने ती दोन बोटांत कडेने धरून आणली. पवित्र भाकरीसुद्धा इतकी जपून कोणी धरत नाही.

लितानी आली. गूढ गुलाब. गूढ गुलाब. गूढ गुलाब.

त्या शहाण्याने चरे पडलेल्या सीडीवरूनच नक्कल करून घेतली होती! बाजारवाल्याने चऱ्यासकट उतरवून दिली. मी रुमाल तोंडात कोंबला. रिगो बायकोला म्हणाला, “पण ही तर नवीन आहे!” ती म्हणाली, “सीडी नवीन आहे. तू तोच आहेस.”

पोरीला जीभ आहे, हे मान्य करावं लागेल.

मंगळवार, १६

आज गेलेच. लिब्रादा अंगणात वाळलेले कपडे काढत होती. सरळ म्हटलं, “ती सीडी आंब्याला टांग, पोपट तरी पळतील. उद्या नववा दिवस. तुझ्या नवऱ्याला निरोप द्यायचा आहे तो अडखळत देणार का? मला म्हणू दे. नाहीतर स्पष्ट सांग, की ओब्दुलिया, तुझी गरज संपली.”

ती म्हणाली, “असं नाही गं.”

“मग कसं?”

मिर्ता दारात आली. “आई, सांगून टाका ना एकदाचं.”

“तू आत जा,” लिब्रादा म्हणाली. असा आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग हातातली चादर तिने चार वेळा घडी घालून चार वेळा मोडली. म्हणाली, “ये उद्या. तूच म्हण. आनास्तासियोलाही तुझाच आवाज आवडायचा.”

जिंकले! पोशाख पुन्हा इस्त्री केला. सुनेचं तोंड बघण्यासारखं होतं, रडवेलं. रडू दे.

बुधवार, १७

साडेपाचला सुरुवात केली. आवाज छान लागला होता. मिर्ताने माझ्या मनगटावर हात ठेवला तेव्हा खिडकीबाहेर काळोख झालेला. ती कानाशी म्हणाली, “आता चौथं रहस्य घ्या, न्या ओब्दुलिया. तिसरं सातव्यांदा चाललंय.” मी खोलीत पाहिलं. सगळे उत्तरं देत होते.

फेब्रुवारीतही असंच झालं होतं, लिब्रादाने नंतर सांगितलं, शेवटचे पाचही दिवस. मला सांगायचा धीर कोणाला झाला नाही, म्हणून ती सीडी.

तेव्हाही कोणी उठून गेलं नव्हतं.