मृतांच्या घरचं गवंडीकाम

न्यू ऑर्लीन्स,
ऑक्टोबर, बुधवार

प्रिय अल्सीद,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं असशील. कॉन्व्हेंटच्या सिस्टर पर्पेच्युआंनी छडी मारून वळवलेलं ते अक्षर, माझी साठी उलटली तरी वाकडं व्हायला धजत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं 'हो, हो' म्हणतोस आणि ह्यूस्टनच्या उकाड्याबद्दल बोलायला लागतोस. पत्रापुढे तसं करता येत नाही.

आपल्या वस्तीच्या जागेवर नवी घरं उभी राहताहेत. वादळानंतर आपल्या विटांच्या इमारती पाडल्या, तेव्हा तू इथे नव्हतास ते बरंच झालं. आता मी आणि युलाली रोज सकाळी खुर्च्या घेऊन कुंपणापाशी बसतो. युलालीची जीभ अजून तशीच आहे. काल एका खोदयंत्रवाल्याला म्हणाली, "अरे बाबा, जरा हळू! तिथे माझं स्वयंपाकघर होतं." तो बिचारा खरंच थांबला.

ओडिल तिथेच कामाला आहे. बहीण गेल्यावर मी वाढवलेली ती बोटभर पोर आता दोन मुलांची आई आहे. सरकारच्या पैशातून घरं बांधायची, तर त्याच वस्तीतल्या गरीब माणसांना आधी काम द्यायचं, असा कायदाच आहे. कंत्राटदाराने तो पाळला, म्हणजे आपल्यातल्या काही बायकांच्या हाती झाडू दिले आणि काहींच्या हाती रस्त्यावर गाड्या थांबवायचं निशाण. ओडिलला झाडू मिळाला. गवंडी जेवायला बसले की ती त्यांच्या अर्ध्या भिंतीपाशी जाऊन उभी राहते. मला दुरून तिची पाठ दिसते आणि कळतं, तिच्या हाताला काय हवंय ते. झाडूचं काम घरं झाली की संपणार. गवंड्याचा हात मात्र जन्मभर पोट भरतो, हे तुला मी काय सांगू?

गेल्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. मुकादम आला होता. हॅस्केल त्याचं नाव, उत्तरेकडचा आहे, माणूस वाईट नाही. मी झाडूचा विषय काढला, तर म्हणाला, "बाई, नियम मी मोडलेला नाही. झाडू मारणं हेही कामच. गवंडी म्हणून घ्यायला माझी ना नाही, पण विटेला हात लावलेलं तुमच्यात आहे कोण?" सगळ्या गप्प. ओडिलसुद्धा. मी तिला कोपराने ढोसलं, तर कुजबुजली, "मावशी, मी कुठे काम केलंय?"

अल्सीद, मला त्या क्षणी तुझी आई आठवली. 'सर्व संतांच्या दिवसा'आधी कबरस्तानात आपण सगळे जमायचो. ती विटांच्या घरासारख्या उंच थडग्याच्या सावलीत गंबोच्या रश्शाचं पातेलं मांडायची, आणि तू निखळलेल्या विटा काढून, चुना मळून पुन्हा बसवायचास. ओडिल जेमतेम तुझ्या कमरेएवढी. तू तिच्या हातात ओळंबा द्यायचास आणि म्हणायचास, "पोरी, जिवंत माणूस वाकड्या घरात कुरकुरत राहतो. मेलेल्याला कुरकुरताही येत नाही, म्हणून त्याचं घर जास्त सरळ हवं." तू ह्यूस्टनला गेल्यापासून दरवर्षी हे काम तीच करते. आमच्या घराण्याचं थडगं, युलालीचं, शेजारपाजाऱ्यांची. पण आपल्या माणसांसाठी केलेल्याला काम म्हणायची आपल्यात रीतच नाही. म्हणून ती गप्प होती.

मी उठले. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेल्या आवाजात विचारलं, "दर ऑक्टोबरला आपापल्या घरच्यांच्या थडग्याच्या विटा कोण कोण बसवतं?" आधी ओडिलचा हात वर गेला, मग बर्निसचा, मग मागून थिओडोराचा. हॅस्केल हसला. "बाई, मेलेले तक्रार करत नाहीत." त्यावर युलाली बसल्या जागेवरून म्हणाली, "तुम्ही आमच्या मेलेल्यांना ओळखत नाही, साहेब. माझ्या सासूला भेटून या." सगळा हॉल हसला, आणि तोही.

पण रविवारी तो खरंच कबरस्तानात आला. शेवंतीच्या कुंड्यांमधून वाट काढत फिरला. ओडिलने दुरुस्त केलेल्या थडग्यापाशी गुडघ्यावर बसला, गिलाव्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, डोळा लावून कडा पाहिली. "सिमेंट का नाही वापरलं?" त्याने विचारलं. ओडिल म्हणाली, "या विटा मऊ आहेत. सिमेंट त्यांना फोडतं. अल्सीदकाकांनी सांगितलंय." टोपी मागे सारून तो माझ्याकडे वळला. "हे अल्सीदकाका अजून आहेत का?"

आहेत, म्हणाले मी. वादळाच्या वेळी दोन आठवड्यांसाठी म्हणून ह्यूस्टनला गेलेत, ते अजून परतायचेत.

तर अल्सीद, पत्राचं कारण हे. हॅस्केल तिघींना शिकाऊ गवंडी म्हणून घ्यायला तयार आहे, ओडिलला सर्वांत आधी. पण शेजारी उभं राहून शिकवणारा, गवंड्यांच्या संघटनेचं कार्ड असलेला, तुझ्यासारखा जुना गवंडी हवा. त्याचे स्वतःचे गवंडी नाही म्हणतात. सर्व संतांच्या दिवसानंतरच्या सोमवारी समाजमंदिराची पुढची भिंत सुरू होते. तोवर कोणी मिळाला नाही, तर तो बाहेरची माणसं आणेल आणि ओडिल झाडूच मारत राहील. तुझे गुडघे दुखतात, ठाऊक आहे. तुला वाकायचं नाही, नुसतं उभं राहून बोलायचं आहे. तुझी थापी ओडिलकडे आहे. ती द्यायची नाही, तुला स्वतः येऊन मागावी लागेल. तुझ्या आईच्या थडग्याला यंदा मी कुणालाही हात लावू दिलेला नाही. ते तसंच भेगाळलेलं ठेवलंय, तुझ्यासाठी. आणि आम्ही कुंपणापाशी बसतो तिथे तिसरी खुर्चीही नेते रोज. युलाली हसते, हसू दे. आठवतं, कॉन्व्हेंटच्या कुंपणाची भिंत दुरुस्त करायला तू आला होतास, तेव्हा आठवड्याचं काम तू हिवाळ्यापर्यंत लांबवलंस, आणि आम्ही मुली वर्गाच्या खिडकीतून मोजत होतो की तू वीट किती वेळा बसवतोस आणि पुन्हा काढतोस? या भिंतीलाही तेवढाच वेळ लाव.

अजूनही खिडकीपाशीच असलेली,
तुझीच,
क्लेमन्स