मले गाडी लागत नव्हती

गाडी मले लागत नव्हती, बाबा. तेव्हाही नव्हती आणि आताही नाही. हे तुम्हाले पक्कं माहीत होतं, तरी तुम्ही दहा माणसांत सांगितलं आणि चहा पीत बसले, आणि मी बाई जलमभर हातात निंबू आणि तोंडापाशी प्लास्टिकची पन्नी धरून बसली. कोणाचं लग्न असो, कोणाची मयत असो, सारे निघत आणि मी दाराशी उभी राहून म्हणे, जा जी तुम्ही, मले गाडी लागते. माझ्या लग्नात सासऱ्यालेही तुम्ही हात जोडून तेच सांगितलं, पोरगी कामाची आहे, फक्त गाडी लागते तिले. त्यांनी ते असं धरलं की विचारू नका. दोनदा-तीनदा नेलं कुठं, ते सकाळपासून उपाशी ठेवून, वरून गोळी देऊन. उपाशी पोटात कडू गोळी, उलटी नाही होणार तर काय होणार? झाली की सासू म्हणे, पाहा, तिचा बाप खोटं थोडी बोलला होता. मलेही तसंच वाटे. लहानपणी एकदा गोंदियाच्या टेसनावरचे भजे खाऊन ओकली होती, तेच असंन, मी मनाशी म्हणे. बाप सांगते म्हणजे असंनच. एवढी मी बावळट.

तो दिवस तुम्हाले आठवत नसंन, म्हणून मीच सांगते. आई दुखणं घेऊन वर्ध्याले मावशीकडे गेली होती, तिकडच्या दवाखान्यात दाखवायले. जायच्या आदल्या दिवशी तिनं कुरडया घातल्या होत्या, खाटेवर वाळत होत्या, आणि मले राखायले बसवलं होतं. मी गेली शेजारच्या पोरीसंग बोरं खायले. बकरीनं अर्धी खाट साफ केली. आईनं एक थापड मारली अशी की कान वाजला, म्हणाली, तोंड दाखवू नको मले. मीही हट्टी. सकाळी ती रिक्षात बसली तर मी बाहेर आलीच नाही, मागच्या अंगणात भांडे घासत राहिली. चौदा वर्षांची होती. मग काही दिवसांनी तुमच्या कारखान्यात फोन आला की तब्येत बिघडली, लौकर या. तुम्ही दुपारीच घरी आले, थैलीत धोतर-सदरा भरला. मीही माझा फराक पिशवीत टाकला, वेणी घातली, चपला घातल्या, दारात उभी राहिली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू कुठं निघाली? भावाची ड्युटी आहे, त्याले डबा कोण देईन?" मी म्हटलं, आईले पाहायचं आहे मले. तुम्ही म्हणाले, "आई कुठं पळून चालली का? घेऊन येतो तिले." बस. चपला तशाच पायात. संध्याकाळी भावासाठी भाकऱ्या टाकल्या त्या चपला घालूनच टाकल्या, ते तुम्हाले कोण सांगणार.

आईले तुम्ही नाही आणलं. तिची माती तिकडेच झाली. दिवस करायले सारे आपल्या घरी आले तेव्हा मामीनं मले जवळ घेऊन म्हटलं, "पोरी, तुले गाडी लागते म्हणे, म्हणून नाही आली." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही बशीत चहा ओतत होते. बशीतून मान वर केली नाही. तेव्हाच समजायले पाहिजे होतं मले.

आता मी कशी गेली ते ऐका, आणि जळा. तुम्ही मेले तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. आता आपलं रायपूर नव्या राज्याची राजधानी आहे. जिथं तुम्ही सायकल हाणत जात होते तिथं लाल दिव्याच्या गाड्या भोंगा वाजवत जातात, आणि तुमचा नातू त्यातलीच एक चालवते, एका मोठ्या साहेबाची. चैतात वर्ध्याहून निरोप आला की मावशी खाटेवर पडली, एकदा भेटून जा म्हणते. माझा नवरा गोलबाजारात साड्यांच्या दुकानात, लग्नसराईत मालक त्याले जेवायलेही सोडत नाही. पोराले म्हटलं तर म्हणे, "मम्मी, साहब का दौरा है, छुट्टी नहीं मिलेगी. और आप अकेली कैसे जाओगी, आपको तो उल्टी होती है." बायकोले विचारून बोलल्यासारखा बोलला. मी म्हटलं, होऊ दे उलटी, गाडी काय तुझ्या साहेबाची आहे का? नवरा तिकीट काढून देऊन गेला, डब्याचा नंबर हातावर पेनानं लिहून दिला. चौबे कॉलनीच्या बाजूनं रिक्षा निघाली. वाटे, उतरून घरी जावं. गेली नाही.

गाडीत खिडकीपाशी बसली. एका हातात निंबू, एका हातात पन्नी, पाय वर घेतलेले. गोळी मुद्दाम घेतली नव्हती, कारण गोळीनं झोप लागते आणि वर्धा निघून जाईन ही भीती. समोर एक गोंदियाची बाई, मांडीवर डबा. पुऱ्या आणि कांद्याची भाजी. मले म्हणे, "घ्या न जी."

"नको, मले गाडी लागते."

"अवं, दुर्ग गेलं, नांदगाव गेलं. आता कधी लागन? गोंदियाच्या आधी लागत असंन तर सांगजा, मले साडी आवरून बसावं लागन."

सारा डबा हसला. मीही हसली, आणि रागानं एक पुरी खाल्ली. मग दुसरी. मग मी वाट पाहत बसली, पोटाकडे ध्यान लावून, जसं कोणी येणार आहे म्हणून दाराकडे पाहतात. काही आलं नाही. डोंगरगडची टेकडी दिसली, वर देवीचं मंदिर. पुढं जंगल लागलं, बोगदा लागला, अंधारात पोट्टे ओरडले. दोनदा-तीनदा या रस्त्यानं मले नेलं आणि मी गोळीनं झोपलेली, तो बोगदा आहे हेच ध्यानात नव्हतं मले. गोंदियाले ती बाई उतरली, खिडकीतून म्हणे, "दीदी, नाही लागत तुमाले. कोणीतरी लावून देल्ली." मी निंबू खिडकीतून फेकून दिलं. तेव्हा फक्त हसू येत होतं. राग वर्ध्याले आला.

मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मले पाहून पहिले हेच म्हणाली, "कोणासंगं आली?"

"एकटीच."

"गाडी नाही लागली?"

"नाही, मावशी. दोन पुऱ्या खाऊन आली."

ती उठून बसली. सुनेले म्हणाली, बाहेर जा. मग म्हणाली, "म्हणजे माही बहीण बराबर बोलत होती." आणि तिनं जे सांगितलं ते मी तुम्हाले तिच्याच शब्दांत लिहिते, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. "तुझा बाप खोलीत आला, तर तुही आई त्याच्या मागं पाहे. पोट्टी कुठं हाये म्हणे. तो म्हणे, तिले गाडी लागते. तुही आई म्हणे, नाही लागत तिले, माह्यासंगं आली होती तवा खिडकीत बसून साऱ्या रस्त्यानं तोंड चालू होतं तिचं. मग म्हणे, रागावून हाये माह्यावर, मनून नाही आली. मी मारलं न तिले." मावशी म्हणे, त्याच वेळी दुकानातून ग्लुकोज आणायले तिले हाक आली, ती उठून गेली. आली तर तुम्ही खिडकीपाशी उभे होते आणि आईनं डोळे मिटले होते. मधात तुम्ही काय बोलले, मावशीले माहीत नाही. त्या रात्री आई गेली.

मी रडली नाही तिथं. मी उठून मावशीच्या घरची सारी भांडी घासली.

घरी आली तेव्हापासून तुमचा फोटो देवाजवळून काढून कूलरवर ठेवला आहे, भिंतीकडे तोंड करून. सून विचारे, काहून? मी म्हटलं, हवा खाऊन राहिले. भावाले फोन करून सारं सांगितलं, ज्याच्या डब्यासाठी हे झालं त्याले. तो म्हणे, जाऊ दे न, बाबा तर गेले आता. मी म्हटलं, ते गेले, त्यांचं खोटं तर इथंच आहे, माझ्या घरी राहते, माझ्या हातचं खाते. आता ज्या लग्नात जाईन तिथं साऱ्या पाहुण्यांत सांगते, कोणाले मजा वाटो, कोणाले लाज वाटो. तुम्ही दहा माणसांत सांगितलं होतं, मी पंगतीत सांगते. मुंबईले, पुरीले, जिथं गाडी जाईन तिथं जाणार आहे मी, आणि प्रत्येक टेसनावर भजे खाणार आहे.

पण मले भाकरीचा राग नाही, बाबा. गरिबाच्या घरी पोरगी चुलीपाशी राहते, तेवढं मले समजते. गाडीचाही आता उरला नाही. मले एकच पाहिजे. आई म्हणाली, पोट्टी रागावून आहे. त्यावर तुम्ही काय बोलले? म्हणाले का, नाही, ती चपला घालून दारात उभी होती, मीच नाही आणली? की चूप राहिले, बशीत पाहत राहिले तसे? एवढ्या जवळ होते तिच्या. दोन शब्दांचं काम होतं.

पुढच्या हप्त्यात अक्ती आहे, तुम्ही अक्षयतृतीया म्हणत होते ती. त्या दिवशी मेलेल्यांच्या नावानं घागर भरायची, पाणी द्यायचं, पान वाढायचं. इतकी वर्षं दोन्ही घागरी मीच भरल्या, तुमचीही, कारण तुमच्या लाडक्या पोराले वेळ नसते. तुमच्या पानावर मऊ वडे असत, दात नव्हते म्हणून. यंदा आईची घागर नक्की भरणार. तुम्हाले पाणी पाहिजे असंन तर उत्तर देजा. कसं द्यायचं ते तुम्ही पाहा, स्वप्नात या, मावशीच्या कानात सांगा, मले त्याच्याशी काही घेणं नाही. हे मी टपालात टाकणार नाही, कोणत्या पत्त्यावर टाकू, पण वाचणारे असान तर वाचलंच असंन. उत्तर पाहिजे अक्तीच्या सकाळी, पाणी भरायच्या आधी.

आज बाजारात कुंभारणीले मी एकच घागर मागितली होती. तिनं सवयीनं दोन पुढं केल्या, आणि मी दुसरी परत नाही केली. मोरीपाशी उपडी ठेवली आहे.